हलगी शेकतात, मग ओठ का नाहीत?

धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही गावची जत्रा असो की लग्नाची वरात, हलगीवाला वाजवायला उभा राहण्याआधी एक काम न चुकता करतो. पाचट, काटक्या, जुना कागद जे हाताला लागेल ते पेटवतो आणि त्या जाळावर हलगी शेकून घेतो. चामडं हवेतली ओल धरतं, सैल पडतं. शेक बसला की ताणून येतं आणि थाप खणखणीत वाजते. संबळवाला दोऱ्या ताणतो, तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकतो, क्लॅरिनेटवाला वेताची पट्टी तोंडात धरून ओली करतो. ज्या भागातून नाद उठतो, तो भाग आधी तयार करायचा, हे प्रत्येक वाजवणाऱ्याला ठाऊक असतं. याला अपवाद एकच, आणि तोही वरातीतल्या सगळ्यात अवजड वाद्याचा. युफोनियम, ट्रॉम्बोन किंवा ट्युबा वाजवणारा टेम्पोतून उतरतो, वाद्य खांद्याला लावतो आणि थेट पहिल्या गाण्याला हात घालतो. त्याच्या वाद्यात ना चामडं ना पट्टी. तिथे थरथरतात ते त्याचे स्वतःचे ओठ, आणि त्यांची तयारी मात्र कुणी करत नाही. नुसत्या माउथपीसवर, वाद्य न जोडता, दहा मिनिटं ओठ वाजवून घेण्याची पद्धत जगभरच्या पितळी वाद्यांच्या वादकांमध्ये रुळलेली आहे. आपल्याकडच्या बँडवाल्यांनी ती उचलावी, आणि मोठ्या शहरातल्या वादकापेक्षा कळंब-उमरग्याच्या बँडवाल्याला तिची गरज जास्त आहे, एवढंच या लेखात मांडायचं आहे.

आधी हे वाद्य वाजतं कसं ते पाहू. पेटीत किंवा सनईत पट्टी असते, बासरीत धारेवर फुंकर फुटते. पितळी वाद्यात यातलं काहीच नाही. वाटीच्या आकाराचं माउथपीस ओठांवर टेकवायचं, ओठ हलकेच मिटायचे आणि त्यांच्यामधून हवा सोडायची. हवेच्या दाबाने ओठ उघडतात, लगेच मिटतात, पुन्हा उघडतात. ही उघडझाप सेकंदाला किती वेळा होते, त्यावर स्वराची उंची ठरते. युफोनियमची नळी सरळ केली तर सुमारे पावणेतीन मीटर भरते. एकही कळ न दाबता त्यातून जो मधला भरदार स्वर निघतो, तो पेटीवरच्या काळी पाचचा, म्हणजे सेकंदाला सुमारे 117 वेळा ओठांची उघडझाप. त्याच नळीत पुढचे स्वर प, वरचा सा, ग, वरचा प असे ठरलेल्या पायऱ्यांवर बसलेले असतात. ओठ जरा ताणले आणि हवेचा वेग वाढवला की स्वर वरच्या पायरीवर उडी मारतो. कळा दाबल्या की नळीची लांबी वाढते आणि मधले स्वर मिळतात. कळांची ही युक्ती जर्मनीत 1818 च्या सुमारास पेटंट झाली. ट्युबाचं पेटंट बर्लिनमध्ये 1835 साली घेतलं गेलं, आणि अंगाभोवती गुंडाळायचा सुसाफोन अमेरिकेत 1893 साली बनला. वाद्य कितीही बदललं तरी आवाजाचा उगम ओठांतच राहिला. वादकाने काचेसारख्या पारदर्शक माउथपीसमध्ये फुंकलं तर ओठ नेमके काय करतात, हे डॅनियल मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1942 साली चित्रफितीवर टिपून दाखवलं. वाजणाऱ्या स्वराची जी कंपनसंख्या, त्याच गतीने ओठ उघडत-मिटत होते. पितळेचं काम त्यानंतर सुरू होतं.

ही विद्या परक्यांची आहे असं समजायचं कारण नाही. आपली तुतारी आणि शिंग याच जातीची वाद्यं. तांब्या-पितळेची वळणदार नळी, तिला ना भोक ना कळ. सा, प आणि वरचा सा एवढ्या मोजक्या स्वरांवर तुतारीवाला सगळी सलामी उभी करतो, आणि त्यातला प्रत्येक स्वर केवळ ओठांच्या ताणावर आणि हवेवर काढतो. म्हणजे बँड गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी मुलखात ओठांनी स्वर घडवणारे वादक होते. प्रश्न असा की त्यांच्या सरावाची रीत कुठे नोंदली का गेली नाही? गवयाच्या रियाजावर पोथ्या झाल्या, तबल्याच्या कायद्यांवर ग्रंथ झाले. फुंकून वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे मात्र कुणी पाहिलं नाही. याचं एक कारण जातीच्या उतरंडीत आहे. फुंकवाद्याला लाळ लागते म्हणून ते उष्टं, आणि ते वाजवणारा खालचा, असं मानणारा समाज त्या वादकाकडून काही शिकायला बसणार नव्हता. मातंग, होलार आणि अशाच इतर समाजांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या घरात जपली, ती ऐकून आणि पाहून पुढे गेली. लेखी शास्त्र नसल्यामुळे तिच्यातलं चांगलं काय आणि नुकसानीचं काय, हे तपासून घ्यायची सोय राहिली नाही. ती तपासणी आता करायला हवी.

माउथपीस वेगळं काढून वाजवण्यात नेमकं काय साधतं? पूर्ण वाद्यात फुंकताना नळी वादकाला मदत करते. ओठ नेमक्या स्वराच्या जरा खाली किंवा वर थरथरत असले, तरी नळीत उठणारी हवेची लाट त्यांना आपल्या पायरीकडे ओढून घेते. म्हणून अर्धवट तयार ओठांनीही स्वर निघतो खरा, पण तो फुसका, बुजरा, खरखरीत निघतो. ओठ एकीकडे आणि नळी दुसरीकडे ओढत असते, आणि त्या ओढाताणीत निम्मी हवा वाया जाते. नुसत्या माउथपीसमध्ये मात्र पायऱ्याच नसतात. तिथे सा पासून प पर्यंत अखंड घसरत जाता येतं, गवयाच्या मींडसारखं. कुठे थांबायचं हे कानाने ठरवायचं आणि ओठांनी पाळायचं. कान कच्चा असेल किंवा ओठ ढिले असतील, तर चूक तिथल्या तिथे उघडी पडते. म्हणूनच शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रामध्ये 1944 ते 1988 अशी चव्वेचाळीस वर्षं ट्युबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स विद्यार्थ्यांना माउथपीसवर ओळखीच्या चाली वाजवायला लावत. आधी स्वर डोक्यात गायचा, मग ओठांवर आणायचा, असा त्यांचा आग्रह असे. ट्रम्पेटचे प्रसिद्ध शिक्षक जेम्स स्टँप यांचा रोजचा पाठही ओठांच्या आणि माउथपीसच्या सरावानेच सुरू होई. गोव्यातल्या चर्चच्या जुन्या संगीतशाळांत मेस्त्री मुलांना वाद्याआधी स्वरलेखन वाचून गायला शिकवत. पुढे मुंबईच्या सिनेसंगीतातली वाद्यवृंदांची फौज मोठ्या प्रमाणात याच शाळांतून तयार झाली. स्वर आधी कानात आणि कंठात यायला हवा, वाद्य नंतर, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे.

खालच्या सप्तकात वाजणाऱ्या वाद्यांना हा सराव अधिक का लागतो, याचंही कारण साधं आहे. ट्रम्पेटचं माउथपीस लहान, त्यात ओठाचा थोडाच भाग थरथरतो, आणि हवा थोडी पण दाबाने लागते. ट्युबाचं माउथपीस मोठं, त्यात ओठाचा बराच मांसल भाग सावकाश हलवावा लागतो, आणि हवा दाबाने नव्हे तर भरपूर लागते. थंड, आखडलेले ओठ या सावकाश हालचालीला पटकन तयार होत नाहीत. मग वादक काय करतो? माउथपीस तोंडावर दाबून धरतो. दाबल्याने स्वर निघाल्यासारखा वाटतो, पण ओठांतला रक्तपुरवठा तुटतो, ओठ बधिर होतात, आणि तासाभरात वर चढणारा एकही स्वर हाती राहत नाही. वरात अजून निम्म्या रस्त्यावर असते. वरातीतले युफोनियम पहिल्या अर्ध्या तासात दणदणीत आणि मंगल कार्यालयापाशी पोचेपर्यंत मरगळलेले का होतात, याचं एक मोठं कारण या दाबात आहे. आपल्या गायकांनी खर्जाचा रियाज पहाटे, हळू आणि दीर्घ श्वासावर करायची रीत घालून दिली, कारण खालचा स्वर जोर करून येत नाही हे त्यांना कळलं होतं. पितळी वाद्यातला खर्जही त्याच वाटेने येतो.

आता धाराशिवकडे वळू. तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा आणि धाराशिव या आठही तालुक्यांत बँडचा धंदा हंगामी आहे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, उन्हाळ्यात ती टिपेला पोचते, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की वाद्यं दुकानात कुलूपबंद होतात. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतभरच्या लग्नाच्या बँडवर 2005 साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दाखवलेलं चित्र इथल्या वाचकालाही ओळखीचं वाटेल: दुकान आणि वाद्यं मालकाची, वाजवणारे हंगामापुरते मजुरीवर आलेले, उरलेल्या काळात शेतात किंवा मिळेल त्या कामावर. म्हणजे ज्याच्या ओठांवर सगळी मिरवणूक चालते, त्याच्या घरी वाद्य नसतं. चार महिने त्याचे ओठ रिकामे राहतात आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून चार-पाच तासांची मजुरी मागितली जाते. युफोनियम किंवा ट्युबा विकत घेणं त्याच्या आवाक्यात नाही. माउथपीस मात्र त्याच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळतं, खिशात मावतं, आणि दोन खोल्यांच्या घरात वाजवलं तरी शेजारी तक्रारीला येत नाहीत. मोठ्या वाद्यवृंदातल्या वादकाला माउथपीसचा सराव हा वाद्याच्या सरावाला जोड म्हणून लागतो; इथल्या वादकाला चातुर्मासात तो एकच सराव उपलब्ध आहे. माझा सगळा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे.

सराव करायचा कसा, हे तपशिलात सांगायला हवं, कारण यात घाई केली तर उलट परिणाम होतो. ताठ बसावं किंवा उभं राहावं, खांदे सैल सोडावेत. तोंडाने पोटापर्यंत श्वास भरावा आणि तो अडवून न धरता सोडावा. असं चार-पाच वेळा. मग घोडा फुरफुरतो तसे ओठ नुसतेच फुरफुरवावेत, म्हणजे त्यांच्यातला ताठरपणा जातो. यानंतर माउथपीस हातात घ्यावं, पण मुठीत नव्हे. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने त्याची दांडी टोकाजवळ हलकेच धरावी. दोन बोटांत धरलेलं माउथपीस तोंडावर जोराने दाबताच येत नाही. मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर काळी पाच लावावी आणि आपल्याला सहज येईल असा मधला सा पाच-सहा सेकंद धरावा. आवाज माशी भुणभुणल्यासारखा पण भरीव, सलग यायला हवा; मध्ये हवेची फुसफुस ऐकू आली तर ओठांचे कोपरे घट्ट आणि मधला भाग मोकळा आहे का ते तपासावं. मग सा वरून प पर्यंत आणि परत, कुठेही न तुटता घसरत जावं. त्यानंतर सा रे ग म प सावकाश, प्रत्येक स्वर तानपुऱ्याशी जुळवून. शेवटी एखादी ओळखीची संथ चाल. प्रत्येक टप्प्यानंतर जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ थांबावं. वाद्य हाताशी असेल तर माउथपीस त्यात बसवून तोच सा वाजवावा. ओठ आणि नळी जुळली असतील तर स्वर न ढकलता उघडतो, आणि तो फरक वादकाच्या आधी ऐकणाऱ्याच्या लक्षात येतो. एकूण वेळ आठ-दहा मिनिटं. ओठांना मुंग्या आल्या, बधिरपणा जाणवला की त्या क्षणी थांबायचं.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडूनच येतो, आणि तो वजनदार आहे. नळीशिवाय ओठ वाजवणं म्हणजे वाद्य वाजवणं नव्हे, असं काही शिक्षक म्हणतात. नळीतली लाट ओठांना जी मदत करते, ती माउथपीसमध्ये मिळत नाही. त्यामुळे तोच स्वर काढायला ओठ जास्त आवळावे लागतात, आणि ही आवळण्याची सवय वाद्यावर आली तर आवाज चिरका होतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे म्हणणं बरोबर आहे. वर सांगितलेल्या पायऱ्यांच्याच नियमातून ते निघतं. पण त्यातून सराव बंद करावा असं निघत नाही. त्याला मर्यादा घालावी असं निघतं. अर्धा-अर्धा तास माउथपीस घोटत बसणं, त्यावर उंच स्वरांची मर्दुमकी दाखवणं, हे नुकसानीचं आहेच. मधल्या आणि खालच्या स्वरांत, हलक्या आवाजात, दहा मिनिटं केलेल्या सरावाला हा आक्षेप लागू पडत नाही. आणि चातुर्मासात ज्याच्याकडे वाद्यच नाही, त्याच्यापुढे निवड माउथपीस की वाद्य अशी नसते. माउथपीस की काहीच नाही, अशी असते.

दुसरा आक्षेप अनुभवी बँडवाल्यांचा. जुन्या उस्तादांनी असलं काही केलं नाही, पहिली दोन गाणी वाजवली की ओठ आपोआप तापतात, असं ते म्हणतील. जुन्या उस्तादांबद्दल एक गोष्ट विसरून चालणार नाही: त्यांची उमेदवारी रोज तासन्‌तास वाजवण्यात गेली. त्यांचे ओठ कधी थंड पडतच नसत, म्हणून वेगळ्या तयारीची गरज त्यांना भासली नाही. आज पंधरा दिवसांत एखादी सुपारी मिळणाऱ्या वादकाने त्यांचा दाखला देणं बरोबर नाही. पहिली दोन गाणी तयारीची, हेही परवडणारं नाही, कारण नवरदेव घोड्यावर बसतो तो क्षण त्याच दोन गाण्यांत असतो, आणि पैसे मोजणाऱ्याचा कानही तेव्हाच जागा असतो. याच आक्षेपाचा एक उन्हाळी प्रकार आहे: चाळीस अंशांच्या उन्हात वाद्य आधीच तापलेलं असतं, मग तयारी कसली? यात वाद्य आणि ओठ यांची गल्लत होते. उष्णतेने हवेतला आवाजाचा वेग वाढतो. 20 अंशांना तो सेकंदाला सुमारे 343 मीटर, तर 40 अंशांना सुमारे 355 मीटर. त्यामुळे नळीतला स्वर चढतो. वादकाच्या श्वासाने नळीतली हवा एरवीही कोमट असते, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण कानाला कळण्याइतका राहतो. म्हणजे वैशाखात वाद्य वर ओढणार आणि ओठ माघातल्या सवयीने खाली राहणार. ऊन ओठ तयार करत नाही, उलट सुकवतं. उन्हाळ्यात कान आणि ओठ जुळवून घेण्याची गरज वाढतेच.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. डीजेने बँड संपवत आणलेत, अशा वेळी दहा मिनिटांचा रियाज शिकवून काय होणार? गाणं मोठ्याने ऐकवण्यात बँड डीजेशी कधीच जिंकणार नाही, आणि त्याने त्या शर्यतीत उतरूही नये. माणसाच्या श्वासावर चालणाऱ्या भरदार स्वराला अजून मोल आहे, आणि तो स्वर बेसूर असेल तर बँडकडे विकण्यासारखं काहीच उरत नाही. शिवाय वाजवणाऱ्याची वाट वरातीपाशी संपत नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीत बॅन्ड्समनची पदं असतात, आणि त्यासाठी वाद्य वाजवून दाखवावं लागतं. लष्कराच्या बँडचे वादक मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या संगीतशाळेत शिकतात. 1950 साली जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. धाराशिवच्या बँडमध्ये वाढलेला मुलगा या दारांपर्यंत पोचतो तेव्हा गाणी त्याला शेकडो येत असतात. अडतो तो सुरात, आणि एकच स्वर दहा सेकंद न हलता धरण्यात. या दोन्ही गोष्टींचा पाया माउथपीसवर घालता येतो.

एक गोष्ट आरोग्याची. अनेक बँडमध्ये वाद्य फिरतं तसं माउथपीसही फिरतं. एकाने वाजवलेलं दुसरा तसंच तोंडाला लावतो. सर्दी-खोकल्यापासून ओठांवरच्या पुरळापर्यंत बरंच काही त्यातून पसरतं. मुलामा उडालेलं उघडं पितळ काहींच्या ओठांना खाजही आणतं. माउथपीस ज्याचं त्याचं असावं, आणि रोज कोमट पाणी व साबणाने धुतलं जावं, एवढ्याने यातला बराच त्रास टळतो. म्हणून बँडमालकांना एवढंच सांगणं आहे. हंगामाच्या आधी गणवेशावर आणि दिव्यांच्या छत्र्यांवर खर्च होतो, त्यातला थोडा भाग काढून प्रत्येक वादकाला त्याच्या नावाचं माउथपीस द्या, आणि ते चातुर्मासात त्याच्या घरी राहू द्या. सुपारीच्या दिवशी टेम्पो दहा मिनिटं आधी पोचवा. वादकांनी ती दहा मिनिटं चहा-तंबाखूत न घालवता ओठांवर घालवावी. आणि यजमानांनी बँड ठरवताना माणसं किती, दिवे किती हे विचारतात तसं आणखी एक विचारावं: तुमचे वादक वाजवण्याआधी तयारी करतात का? गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत मालक त्याचं उत्तर तयार ठेवतील.